हळदीच्या वासासाठी वेगळा न्यूरॉन नसतो

फेब्रुवारी संपत आला की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात येतात. बाहेरच्या रस्त्यावरून डोळे मिटून गेलं तरी आत काय चाललंय ते कळतं. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या राजापुरी हळकुंडांचा तो वास. त्यातच कोपऱ्यावर कुणी भडंगासाठी तेलात लसूण टाकला, तरी नाक गोंधळत नाही. हळद ती हळद आणि लसूण तो लसूण. हे सगळं इतकं बिनबोभाट होतं की त्यात समजावून सांगण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही.

आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन असतात. शाळेच्या पुस्तकातल्या चेतापेशी त्या याच. इतक्या पेशी हाताशी असताना एखादी हळदीसाठी आणि एखादी लसणासाठी राखून ठेवली असेल, असं कुणालाही वाटेल. पण नाकात फक्त हळद ओळखणारी एकही पेशी नाही. जी पेशी हळदीला दाद देते तीच आणखी कित्येक वासांनाही देते, आणि तिच्या एकटीच्या सांगण्यावरून समोर हळद आहे की दुसरंच काही, हे ठरवता येत नाही. पुष्कळ पेशी एकाच वेळी कमी-जास्त प्रमाणात जो प्रतिसाद देतात, त्या कमी-जास्तपणातच हळद लपलेली असते.

असं का, हे कळायला आधी एका न्यूरॉनला काय काय सांगता येतं ते बघायला हवं. फार थोडं सांगता येतं. विजेचा एक बारीकसा झटका पुढच्या पेशीकडे पाठवायचा, एवढंच त्याच्या हाती असतं. हा झटका साधारण एक मिलिसेकंद टिकतो; आपण त्याला स्पंद म्हणू. लहान स्पंद, मोठा स्पंद असा प्रकार नसतो. आला तर पूर्ण येतो, नाहीतर येतच नाही. १९२०च्या दशकात केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी एकेका मज्जातंतूतले स्पंद मोजून दाखवलं, की त्वचा जोरात दाबली तर स्पंद मोठे होत नाहीत, जास्त वेळा येतात. या कामाबद्दल १९३२ साली त्यांना चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

म्हणजे ढोबळमानाने न्यूरॉन आपल्याला एकच आकडा देतो: सेकंदाला इतके स्पंद. आता बाहेरच्या जगात बदलणाऱ्या गोष्टी अनेक आणि आकडा मात्र एक, इथे घोडं पेंड खातं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते एका किड्यात, म्हणून वासाकडे जाण्याआधी थोडं उसाच्या फडात जाऊ.

रातकिड्याच्या शेपटीकडे दोन लांब काटे असतात आणि त्यांच्यावर अतिशय नाजूक केस. बेडूक किंवा कोळी झडप घालतो तेव्हा त्याच्यापुढे हवा ढकलली जाते, आणि ती हवा या केसांना हलवते. झुळूक कुठल्या बाजूने आली हे किड्याला क्षणात कळलं पाहिजे, नाहीतर तो संपला. केसांकडून आलेली ही खबर त्याच्या शरीरातल्या मोजक्या न्यूरॉनमधून मेंदूकडे जाते, आणि मंद झुळकीची दिशा सांगायचं काम त्यांतले चौघेच करतात. फ्रेडरिक थ्युनिसन आणि जॉन मिलर यांनी १९९१ मध्ये या चौघांचा नीट हिशेब मांडला. प्रत्येकाची एक आवडती दिशा असते आणि या चार दिशा एकमेकींशी सुमारे ९० अंशांचा कोन करतात. झुळूक आवडत्या दिशेने आली तर न्यूरॉन सगळ्यात जास्त स्पंद देतो. दिशा सरकेल तसा कमी, आणि ९० अंशांच्या पलीकडे गेली की जवळजवळ गप्प. उतार कसा, तर बारावीच्या त्रिकोणमितीतल्या कोसाइनसारखा.

त्यांना अ, ब, क, ड म्हणू. आवडत्या दिशा ०, ९०, १८० आणि २७० अंश. समजा झुळूक ३० अंशांवरून आली. अ त्याच्या कमाल प्रतिसादाच्या ८७ टक्के बोलेल, ब ५० टक्के, क आणि ड गप्प. आता उरलेल्यांना विसरा आणि फक्त ब कडे बघा. तो ५० म्हणतोय. म्हणजे झुळूक त्याच्या आवडत्या दिशेच्या ६० अंश डावीकडून आली असेल, ६० अंश उजवीकडून आली असेल, किंवा थेट त्याच्याच दिशेने पण निम्म्या जोराने आली असेल. एकट्या ब ला हे तीन प्रसंग वेगळे सांगता येणारच नाहीत. तो कितीही अचूक असला तरी नाही. अडचण अचूकतेची नाहीच, एका आकड्यात तीन उत्तरं बसतात ही आहे.

अ आणि ब एकत्र पाहिले की गुंता सुटतो. अ बोलतोय आणि क गप्प आहे, म्हणजे झुळूक अ च्या बाजूची. ८७ आणि ५० या प्रमाणावरून कोन निघाला ३० अंश. झुळूक निम्म्या जोराची असती तर आकडे ४३ आणि २५ झाले असते. प्रमाण तेच, दिशा तीच, फक्त जोर कमी. दोन वेगळ्या गोष्टी, दिशा आणि जोर, चार पेशींच्या आकड्यांमध्ये एकाच वेळी मावल्या आणि एकमेकींत मिसळल्याही नाहीत. शिवाय चार पेशींच्या आवडत्या दिशा चारच असल्या तरी कळणाऱ्या दिशा चार नाहीत, ३१ आणि ३२ अंशांमधला फरकही त्या आकड्यांत असतो. पुढचा सगळा लेख या चार न्यूरॉनांचाच विस्तार आहे, तेव्हा घाई न करता हे गणित एकदा कागदावर करून बघाच.

आता हळदीकडे येऊ, पण आधी तिच्या रंगाकडे. डोळ्यात रंगासाठी शंकूच्या आकाराच्या पेशी असतात, त्यांचे प्रकार फक्त तीन. एक प्रकार साधारण ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० ला, तिसरा ५६० ला. त्यांतला एकही 'पिवळा' नाही. एखादी शंकुपेशी कमी बोलली तर रंग तिच्या आवडीचा नव्हता की उजेडच कमी होता, हे तिला सांगता येत नाही. रातकिड्याच्या ब ची होती तीच अडचण. हळद पिवळी दिसते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशी भरपूर आणि पहिल्या प्रकारच्या अगदी थोड्या बोलतात म्हणून. सूर्य ढगाआड गेला की तिघींचे आकडे एकदम खाली येतात, प्रमाण फारसं बदलत नाही. डोळ्यात प्रकाश टिपणारे ग्राही मोजकेच, बहुधा तीन प्रकारचे असावेत हा अंदाज थॉमस यंग यांनी १८०० च्या आसपास, एकही शंकुपेशी कुणी मोजलेली नसताना केला होता. मला तरी हे फार मोठं वाटतं.

याचा पुरावा तुमच्या हातात आहे. मोबाइलवर हळदीच्या ढिगाचा फोटो उघडा आणि चांगल्या भिंगातून पडदा बघा. पिवळ्या प्रकाशाचा एकही ठिपका सापडणार नाही. लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटलेले असतात, त्यामुळे डोळ्यातल्या पेशींचे आकडे पिवळ्या प्रकाशाने झाले असते तसेच होतात, आणि मेंदूपर्यंत आकडेच पोचत असल्यामुळे त्याला फरक कळत नाही. टीव्ही, मोबाइल, फ्लेक्सवरची छपाई, हा सगळा धंदा या एका उणिवेवर उभा आहे.

वासाचा मामला बराच मोठा. डोळ्यात तीन प्रकार, तर माणसाच्या नाकात वास पकडणारे ग्राही साधारण चारशे प्रकारचे, आणि उंदराच्या नाकात हजारच्या घरात. नाकातला प्रत्येक न्यूरॉन यांपैकी एकाच प्रकारचा ग्राही वापरतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्याचंच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम १९९९ चं. बेट्टिना मालनिक आणि बक यांच्या गटाने उंदराच्या नाकातले न्यूरॉन सुटे करून त्यांच्यावर एकेक गंधद्रव्य सोडून पाहिलं. दिसलं ते असं: एक द्रव्य अनेक ग्राहींना चाळवतं, एक ग्राही अनेक द्रव्यांना दाद देतो, आणि दोन द्रव्यांचा प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचा संच मात्र सहसा वेगळा असतो. ऑक्टॅनॉल आणि ऑक्टॅनॉइक आम्ल यांचे रेणू दिसायला जवळजवळ जुळे. एकाचा वास संत्र्या-गुलाबाच्या वळणाचा, दुसऱ्याचा खवट, घामट. संच बदलला, वास बदलला.

हळदीचा वास मुख्यतः टर्मेरोन नावाच्या गटातल्या तेलकट द्रव्यांचा, त्यांच्या जोडीला इतर डझनावारी. (ज्या कर्क्युमिनचा जाहिरातींत एवढा गाजावाजा असतो त्याचा वासाशी जवळजवळ संबंध नाही, ते रंग देतं.) यातलं प्रत्येक द्रव्य आपापला ग्राहींचा संच चाळवतं आणि सगळ्यांचा मिळून जो नमुना तयार होतो तो हळदीचा. अशा नमुन्यांची संख्या किती होऊ शकते? चारशे सोडा, फक्त वीस ग्राही घ्या आणि प्रत्येकाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलू द्या. तरी नमुने होतात १०,४८,५७६. म्हणून वासासाठी स्वतंत्र पेशी राखून ठेवायची निसर्गाला गरजच पडत नाही. उद्या कारखान्यात कधी नव्हतं असं एखादं द्रव्य तयार झालं तरी त्याला वास असू शकतो, कारण त्याचाही कुठलातरी नमुना होऊ शकतो.

तीव्रता बदलली तर काय? इथे वास रंगासारखा वागत नाही. द्रव्य वाढलं की आधी गप्प असलेले ग्राहीही बोलायला लागतात, म्हणजे आकडेच वाढतात असं नाही, संचच बदलतो. इंडोल नावाचं द्रव्य जाईच्या फुलात असतं. थोडं असलं की फुलाचा सुगंध, जास्त झालं की घाण. हे वाचून जाईवर कुणी राग धरू नये.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नाकातले हे न्यूरॉन आयुष्यभर टिकत नाहीत. ते मरतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, सतत. तरी लहानपणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातून, निघणाऱ्या हळदीचा वास ज्याने घेतला तो आज साठाव्या वर्षीही ती ओळखतो. एका प्रकारच्या ग्राहीचे हजारो न्यूरॉन नाकभर विखुरलेले असतात आणि त्यांचे तंतू मेंदूच्या पुढच्या टोकाशी ठरावीक छोट्या गाठींत एकत्र येतात. त्यांतले शंभर मेले, शंभर नवे आले, तरी गाठीत पोचणारा एकूण आकडा फारसा हलत नाही. एका पेशीवर भिस्त ठेवली असती तर तिच्याबरोबर हळदही गेली असती.

नाकातून थोडं कानाकडे. सांगलीला लागूनच मिरज, तिथल्या सतारमेकर गल्लीत आजही तंबोऱ्याची जवारी हाताने काढली जाते. घोडीचा माथा घासून असा हलका उतार द्यायचा, आणि तारेखाली दोरा असा सरकवायचा, की तार घोडीला चाटत कंप पावते आणि मूळ सुरावर उपस्वरांची गर्दी उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचं शास्त्र लिहिलं: तार जिथे छेडली त्या जागेच्या नियमाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही जवारीमुळे उमटतात.

काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. तिचे उपस्वर १३८, २०७, २७६ असे. आता मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा. त्या चिमुकल्या स्पीकरला ६९ कंपनांचा सूर काढताच येत नाही. तरी कान खर्ज ऐकतो. न वाजलेला सूर ऐकू येतो, कारण कानाच्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, २०७ ला, २७६ ला आणि त्यांच्या पुढच्या उपस्वरांना दाद देणाऱ्या पेशी मिळून जो नमुना करतात तो ६९ च्या सुराचाच असतो: उपस्वरांमधलं अंतर ६९, आणि सगळ्या लहरी मिळून सेकंदाला ६९ वेळाच तोच आकार घेतात. मूळ सूर कुणा एका पेशीच्या ताब्यात असता तर मोबाइलवर तो गायबच झाला असता. जुन्या टेलिफोनवरही ३०० कंपनांच्या खालचं काही जात नसे, तरी घरच्या पुरुषमाणसाचा जाड आवाज जाडच वाटायचा.

कानाने समूहाचा आणखी एक उपयोग करून घेतला आहे. एका न्यूरॉनला स्पंद दिल्यावर थोडी उसंत लागते. सेकंदाला काही शे स्पंद म्हणजे त्याची दमछाक. मग हजार-दोन हजार कंपनांच्या सुराची लय कशी कळवायची? एर्नेस्ट वीव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी १९३० मध्ये उत्तर सुचवलं: प्रत्येक तंतूने प्रत्येक लाटेवर बोलायची गरज नाही. एकाने पहिल्या आणि पाचव्या लाटेवर बोलावं, दुसऱ्याने दुसऱ्या आणि सहाव्या, पण जो बोलेल त्याने लाटेच्या त्याच ठिकाणी बोलावं. सगळ्यांचे स्पंद एकत्र केले की एकही लाट सुटत नाही. प्राण्यांवरच्या मोजमापांत ही शिस्त चार-पाच हजार कंपनांपर्यंत टिकलेली दिसते. इथे किती स्पंद आले याच्या जोडीला ते नेमके केव्हा आले हेही माहिती बनतं.

मेंदू खरोखरच अनेक पेशींची तुलना करून उत्तर काढतो, याची खूण कृष्णेच्या घाटावर बसून पाहता येते. पावसाळ्यात पाणी वेगाने जात असताना प्रवाहातल्या एखाद्या हलत नसलेल्या जागी, समजा पाण्याबाहेर आलेल्या दगडावर, अर्धा-एक मिनिट नजर खिळवून ठेवा आणि मग लगेच घाटाच्या पायऱ्यांकडे बघा. पायऱ्या प्रवाहाच्या उलट दिशेने सरकल्यासारख्या वाटतात. पाण्याच्या दिशेला दाद देणाऱ्या पेशी एव्हाना थकलेल्या असतात, उलट दिशेच्या ताज्या. स्थिर पायरीसमोर दोन्ही गट थोडे थोडे बोलतच असतात, पण एकाचा आवाज बसलेला, म्हणून तुलनेत दुसरा जिंकतो. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या एका धबधब्यापाशी याची नोंद केली होती.

दिशेला दाद देणाऱ्या याच पेशींनी पुढे एक कोडं घातलं, आणि या विषयातला माझ्या मते सगळ्यात रंगतदार भाग तो आहे. आतापर्यंत मी असं बोललो की जणू पेशी दर वेळी तोच आकडा देते. ती देत नाही. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवा. एकदा २० स्पंद येतील, एकदा २६, एकदा १७. हा चढउतार किरकोळ नसतो. मग मेंदू सरासरी काढत असणार, असं कुणीही म्हणेल. पेशी भरपूर आहेत, एकीची चूक वर तर दुसरीची खाली, बेरजेत चुका जिरून जातील. गणितही तेच सांगतं: शंभर पेशींची सरासरी काढली तर गोंगाट दहा पटीने कमी होतो, दहा हजारांची काढली तर शंभर पटीने.

१९८९ मध्ये विल्यम न्यूसम, केनेथ ब्रिटन आणि अँथनी मोव्हशन यांनी माकडांना पडद्यावर हलणारे ठिपके दाखवले. बहुतेक ठिपके सैरावैरा, थोडेच एका दिशेने. ती दिशा कुठली ते माकडाने सांगायचं. त्याच वेळी मेंदूतल्या गती ओळखणाऱ्या भागात एका न्यूरॉनचे स्पंद मोजले. निकाल चक्रावणारा होता. बऱ्याच वेळा त्या एका न्यूरॉनच्या आकड्यावरून दिशा जितकी बरोबर सांगता आली, साधारण तितकीच बरोबर माकडाने सांगितली. हजारो पेशी हाताशी असून माकड एका पेशीच्या पुढे जाईना!

उत्तर मिळालं १९९४ मध्ये, एहुद झोहारी, मायकेल शॅडलेन आणि न्यूसम यांना, दोन शेजारी न्यूरॉन एकाच वेळी मोजल्यावर. शेजाऱ्यांच्या चुका एकमेकांपासून मोकळ्या नव्हत्या. ज्या वेळी एक उगाच जास्त बोले त्या वेळी दुसराही थोडा जास्त बोले. हा मेळ मोठा नव्हता, सरासरी ०.१२ च्या आसपास; पूर्ण मेळ असता तर तो १ असता. पण एवढ्याशा मेळाने काय होतं बघा. शंभर पेशींची सरासरी काढली तर गोंगाट दहा पटीने नाही, जेमतेम २.८ पटीने कमी होतो. दहा हजार घेतल्या तर २.९ पट. पुढे दहा लाख घ्या, तिथेच अडकतो.

यार्डातलंच उदाहरण घेऊ. दोनशे पोत्यांच्या ढिगाचा भाव ठरवायला शंभर व्यापारी जमले. प्रत्येकाने वेगळ्या पोत्यातलं हळकुंड मोडून आतला रंग बघितला तर शंभरांच्या अंदाजाची सरासरी खऱ्या किमतीच्या अगदी जवळ जाईल. पण हमालाने एकच पोतं फोडलं आणि सगळ्यांनी त्यातलीच मूठ हातात घेतली, तर? ते पोतं ढिगापेक्षा सरस निघालं तर शंभरही जण चढा भाव बोलतील. आणखी शंभर व्यापारी बोलावून उपयोग नाही. शेजारच्या न्यूरॉनांना बरीचशी माहिती त्याच आधीच्या पेशींकडून येते, म्हणजे मूठ त्याच पोत्यातली असते.

अर्थात सगळा मेळ घातक नसतो, आणि लोकप्रिय लेखांत नेमकं हेच सुटतं. रातकिड्याचा अ आणि ब आठवा. समजा दोघेही एका क्षणी उगाच दहा टक्के जास्त बोलले. ८७ चे ९६ झाले, ५० चे ५५. प्रमाण जागच्या जागी, दिशा अबाधित. झुळूक थोडी जोराची वाटेल, एवढंच. म्हणजे जी चूक दोघांना सारखीच लागते ती तुलनेत कटून जाते. नुकसान कधी होतं, तर सामाईक चुकीने तयार होणारा नमुना खऱ्या बदलाच्या नमुन्यासारखाच दिसतो तेव्हा. म्हणजे अ आणि ब मिळून असे चुकले की आकडे थेट ४० अंशांच्या झुळकीचे वाटावेत. ती चूक कितीही पेशी जमवल्या तरी उघडी पडत नाही, कारण आतून ती खऱ्या झुळकीसारखीच दिसते. न्यूरॉन किती आहेत यापेक्षा ते कुठल्या बाबतीत मिळून चुकतात हे पाहायला हवं.

मेंदू हा मेळ कमी-जास्तही करू शकतो. मार्लिन कोहेन आणि जॉन मॉन्सेल यांनी २००९ मध्ये माकडांच्या मेंदूत डझनावारी पेशी एकाच वेळी मोजून दाखवलं, की माकडाने एखाद्या जागी लक्ष दिलं की त्या जागेचं काम बघणाऱ्या पेशींचा प्रतिसाद थोडा वाढतो, पण त्यांच्या चुकांमधला मेळ घटतो, आणि माकडाची कामगिरी सुधारते ती मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. लक्ष देणं म्हणजे आवाज मोठा करणं अशी आपली समजूत असते. निदान इथे तरी ते पेशींना एकमेकींपासून सुटं करणं निघालं.

मग अधूनमधून बातमी येते ती काय, की अमुक नटीचा चेहरा ओळखणारा न्यूरॉन सापडला? २००५ मध्ये रॉड्रिगो कियान किरोगा आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या तारांवरून असं खरंच मोजलं: एक पेशी जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या वेगवेगळ्या फोटोंना दाद देत होती, आणि दाखवलेल्या इतर बहुतेक चित्रांना नाही. पण हिशेब करा. अब्जावधी पेशींपैकी तारा लागल्या मोजक्या पेशींना आणि चित्रं दाखवली शंभरेक. एवढ्याशा चाचपणीत त्या नटीची पेशी हाताला लागते, याचा अर्थ तिला दाद देणाऱ्या पेशी पुष्कळ असल्या पाहिजेत, आणि त्यातली प्रत्येक पेशी न दाखवलेल्या इतर कित्येक गोष्टींनाही दाद देत असली पाहिजे. मेंदूच्या खोल भागात गट लहान होतात, निवडक होतात. एकाच पेशीवर मात्र येत नाहीत.

हे सगळं फक्त प्रयोगशाळेपुरतं नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांट नावाचं यंत्र बसवतात तेव्हा समूहाची भाषा कृत्रिमरीत्या बोलायचा प्रयत्न चाललेला असतो. निरोगी कॉक्लियात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० आणि मेंदूकडे जाणारे तंतू ३०,००० च्या आसपास. यंत्रात त्यांच्या जागी १२ ते २२ इलेक्ट्रोड. कानाच्या बाहेर बसवलेला भाग आवाजाचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्याचा जोर त्याच्या इलेक्ट्रोडवर पाठवतो. कॉक्लियात द्रव भरलेला असल्यामुळे वीज पसरते, आणि एका इलेक्ट्रोडने आजूबाजूचे हजारो तंतू एकदम चाळवले जातात. म्हणजे ज्या शेजाऱ्यांनी थोडं थोडं वेगळं बोलायला हवं तेच एका सुरात बोलायला लागतात. इतक्या ओबडधोबड नमुन्यातूनही बोलणं कळतं, शांत खोलीत तर चांगलंच कळतं, कारण बोलण्यातले शब्द आवाजाच्या पट्ट्यांमधल्या ढोबळ चढउतारांवर तगून राहतात. पंगतीच्या गलबल्यात ते कठीण जातं, आणि तंबोऱ्याच्या जवारीतले, जवळजवळ चिकटून येणारे उपस्वर तर बहुतेक हरवतातच. दोन जवळचे सूर त्याच इलेक्ट्रोडच्या वाट्याला येतात.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर यंत्र चालू केलं की काम संपत नाही. ऑडिओलॉजिस्ट पुन्हा पुन्हा बोलावून एकेका इलेक्ट्रोडची पातळी बसवतो आणि पुढे महिनोन्‌महिने मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवावं लागतं. या बाविसांच्या नमुन्यांतला 'आई'चा कुठला आणि 'बाई'चा कुठला, हे त्या मेंदूला अजून कुणी सांगितलेलं नसतं. वय जितकं लहान तितकं हे लवकर जमतं, त्यामुळे बाळ आवाजाकडे वळून बघत नाही असं वाटलं तर तपासणी पहिल्या काही महिन्यांतच करून घ्यायला डॉक्टर सांगतात.